एका चुलीचा हिशेब : कुटुंब पाहणीत काय विचारतात आणि का

(श्रीगोंदा येथे ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संख्याशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकलो आणि माहिती खात्यात आलो. आकडे माझ्या टेबलावर येतात ते वाढून आलेल्या ताटासारखे. अमुक टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली, अमुक टक्के बेरोजगार, दरडोई मासिक खर्च अमुक रुपये. ते वृत्तात घालावयाचे आणि पुढे पाठवावयाचे. हे अन्न कोणत्या चुलीवर शिजले, हे पाहण्याची वेळ बरीच वर्षे माझ्यावर आली नाही. ती आली तेव्हा मी एका अन्वेषकाबरोबर याच तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो.

पडवीत लिंबांचा ढीग पडला होता आणि घरातील बाई तो निवडत बसल्या होत्या. पिवळी लिंबे एका बाजूस, हिरवी दुसऱ्या बाजूस. अन्वेषकाने घरमालकांना घरातील प्रत्येक माणसाचे काम विचारले. स्वतःचे त्यांनी शेती म्हणून सांगितले, मुलाचे रांजणगावच्या कंपनीत म्हणून सांगितले, आणि पत्नीविषयी म्हणाले, "ती काही करत नाही, घरीच असते." हे शब्द चालू असताना बाईंचे हात थांबले नव्हते.

अन्वेषक मुरलेला होता. त्याने तो रकाना तसाच भरला नाही. बाईंकडे वळून त्याने विचारले, "ताई, गाया किती आहेत?"

"तीन."

"धार कोण काढतं?"

"मीच की. दुसरं कोण काढणार?"

"आणि ही लिंबं?"

"बाजार समितीत जायचीत उद्या."

त्याने हातातील यंत्रावर एक खूण बदलली. 'घरकाम करते' याच्या जागी 'कुटुंबाच्या व्यवसायात काम करते' अशी नोंद झाली. घरमालक थोडे हसले, बाईंनी मान वर केली नाही. या एका खुणेने देशाच्या आकड्यात काय फरक पडतो, हे मला पुढे वाचनातून आणि त्या खात्यातील मित्रांशी बोलण्यातून समजले. आज जे सांगणार आहे ते त्यातलेच आहे.

शितावरून भाताची परीक्षा

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील माणूस काय खातो, किती खर्च करतो, त्याला वर्षातून किती दिवस काम मिळते, याची देशव्यापी माहिती सरकारजवळ नव्हती. माहितीच नव्हती असे मात्र नाही. आपल्या घोड नदीच्या पलीकडे शिरूर तालुक्यात जातेगाव बुद्रुक आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी श्री. कानिटकर यांच्या साहाय्याने त्या गावाची घरोघर फिरून पाहणी केली आणि ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९१७ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची अशीच पाहणी प्रसिद्ध केली होती. कोणत्या घराची जमीन किती, कर्ज किती, खर्च भागतो की नाही, असे प्रश्न मॅनसाहेबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच पठारावरच्या शेतकऱ्यांना विचारले. पुढे १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली तालुक्यांच्या आणि शहरांच्या पाहण्यांची परंपरा तेथे रुजली. हे तेच गाडगीळ, ज्यांना आपला जिल्हा प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणून ओळखतो. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रा. महालनोबिस अध्यक्ष होते, आणि गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य.

राष्ट्राचे उत्पन्न मोजावयास बसल्यावर या मंडळींच्या ध्यानात आले की शेतीचे, कारखान्यांचे थोडेफार आकडे आहेत, परंतु घराच्या उंबरठ्याच्या आतले काहीच ठाऊक नाही. या उणिवेतून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मास आली. तिची पहिली फेरी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तेव्हापासून तिची नावे आणि कार्यालये बदलली. आज ते काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे आहे. आपल्या राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही राज्याचा स्वतंत्र नमुना घेऊन या पाहण्यांत सहभागी होत आले आहे.

आता नमुना म्हणजे काय? आपल्या आयाबहिणी हे शास्त्र न शिकता वापरतात. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्या पातेले रिकामे करीत नाहीत, एक शीत दाबून पाहतात. तथापि त्यातही एक युक्ती आहे. शीत वरचे घेतले तर भात कच्चा वाटेल, तळाचे घेतले तर करपलेला. म्हणून आधी पळी फिरवावी लागते. संख्याशास्त्रात पळी फिरविण्याचे काम दैवनिवड करते. गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात. निवडलेल्या गावातील घरांची यादी करतात. गाव मोठे असेल तर वाड्यावस्त्यांचे गट पाडून त्यांतील काही घेतात. मग यादीतून घरे निवडतात. त्यातही गावात जमीन किती, शहरात चारचाकी आहे की नाही, अशा खुणांनी यादीचे भाग पाडतात, म्हणजे सधन घरे अजिबात निसटू नयेत. सरपंचांनी सुचविलेली घरे घेत नाहीत, रस्त्याकडेची सोयीची घरेही घेत नाहीत. "आमच्या गावात इतकी घरे असताना माझेच का?" असा प्रश्न अन्वेषकास नेहमी ऐकावा लागतो. चिठ्ठी आली म्हणून, याहून दुसरे उत्तर त्याच्यापाशी नसते.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील कुटुंब उपभोग खर्चाच्या पाहणीत सबंध देशातून २,६१,७४६ कुटुंबे घेतली होती. एवढ्या मोठ्या देशाला ही संख्या पुरते, कारण पळी नीट फिरलेली असते. मात्र येथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. पुष्कळ वेळा मला विचारतात की, श्रीगोंदा तालुक्याचा दरडोई खर्च किती? या पाहणीतून तो सांगता येत नाही. तालुक्याच्या वाट्यास इतकी थोडी घरे येतात की त्यांवरून तालुक्याविषयी बोलणे म्हणजे एका शितावरून शेजाऱ्याच्या भाताची परीक्षा करणे होय. राज्यापुरते बोलता येते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरीने ४,०१० रुपये आणि शहरी भागात ६,६५७ रुपये आढळला. कोणी तालुक्याचा असा आकडा या पाहणीच्या नावावर छापला, तर तो कोठून आणला हे अवश्य विचारावे.

कुटुंब कोणास म्हणावे, यावर या खात्याची व्याख्या मला फार आवडते. जे एकत्र राहतात आणि एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. शिधापत्रिका एक आहे की दोन, सातबारा कोणाच्या नावावर आहे, यास येथे महत्त्व नाही. दोन भाऊ एका वाड्यात राहून वेगळ्या चुलींवर जेवत असतील तर ती दोन कुटुंबे. सोपी वाटणारी ही व्याख्या आपल्या तालुक्यात अडचणीत येते ती गळीत हंगामात. कारखान्याच्या परिसरात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. त्यांत राहणारा मजूर चारपाच महिने येथे असतो, पण त्याचे नित्याचे राहणे बीड जिल्ह्यात किंवा पाथर्डीकडे. तो मोजला जावयाचा तो तिकडच्या घरी. आणि हंगामात तिकडे अन्वेषक गेला तर दाराला कुलूप, किंवा मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. पाहणी वर्षभर पसरलेली असते, त्यामुळे सगळेच निसटतात असे नाही. परंतु ज्याच्याविषयी जाणून घेण्याची सर्वांत अधिक गरज, तोच सापडण्यास सर्वांत अवघड.

आठवण किती मागे जाते

खर्च मोजावयाचा म्हणजे विचारावयाचे, आणि विचारावयाचे म्हणजे आठवणीवर विसंबावयाचे. हा सर्व व्यवहारातील नाजूक सांधा आहे. मी हा प्रयोग घरी करून पाहिला. महिन्याचा खर्च किती, हे मी मोठ्या आत्मविश्वासाने एका कागदावर लिहिले. पत्नीने तिची वही काढली. माझा आकडा तिच्या दोन-तृतीयांशही भरला नाही. गॅसची टाकी मी विसरलो होतो, मुलीच्या शिकवणीची फी विसरलो होतो, आणि गावाकडून येणारे ज्वारीचे पोते तर मी खर्चात धरलेच नव्हते, कारण त्याला पैसे पडत नाहीत. अन्वेषक माझ्या घरी आला असता आणि मी एकटाच घरी असतो, तर देशाच्या दारिद्र्यात मी नकळत थोडी भर घातली असती.

किती दिवसांचे विचारावे, यावर या शास्त्रात पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद आहे. काल काय खाल्ले हे सर्वांस आठवते, परंतु काल पाहुणे आले असतील. महिन्याचे विचारले तर भाजीपाला, चहा, पानतंबाखू असे रोजचे किरकोळ खर्च गळून पडतात. उलट कपडे, भांडी, शाळेची फी यांविषयी महिन्याचेच विचारले तर बहुतेक घरांत शून्य येते, कारण कपडे दिवाळीला किंवा लग्नात घेतले जातात. आरंभीच्या वर्षांतच प्रा. महालनोबिस व त्यांचे सहकारी यांनी पश्चिम बंगालमध्ये प्रयोग करून पाहिला. काही घरांत धान्य प्रत्यक्ष तोलून घेतले आणि आठवड्याच्या व महिन्याच्या आठवणीशी ताडून पाहिले. महिन्याची आठवण तोलाशी अधिक जुळली, म्हणून तीस दिवसांची रीत पडली आणि दीर्घकाळ टिकली.

पुढे ती डळमळली. १९९९-२००० च्या फेरीत अन्नाविषयी सात दिवसांचे आणि तीस दिवसांचे असे दोन्ही प्रश्न एकाच घरात, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. माणसाचा स्वभाव असा की एका उत्तराशी दुसरे जुळवून घ्यावे. त्यामुळे दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळली, आणि दारिद्र्य खरोखर किती कमी झाले यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. एका रकान्याने केवढे काम केले पाहा.  वाद होता तो गरिबी किती कमी झाली याचा, आणि त्याचे मूळ गावात नव्हते, प्रश्नपत्रिकेत होते.

आता मिश्र रीत आहे. तेल, भाजी, फळे, अंडी-मांस, मसाले यांचे सात दिवसांचे विचारतात; धान्य, डाळी, साखर, मीठ यांचे तीस दिवसांचे; कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयाचा खर्च, टिकाऊ वस्तू यांचे वर्षाचे. पूर्वी हे सर्व एकाच बैठकीत उरकत असत आणि उत्तर देणारा माणूस कंटाळून शेवटी काहीही सांगत असे. २०२२-२३ पासून एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा जातात आणि प्रश्न वाटून विचारतात. तिसऱ्यांदा अन्वेषक दारात दिसला की आपणांस वैताग येतो, हे मला मान्य आहे. पण तो आपला वैताग कमी करण्यासाठीच तीनदा येतो!

घरच्या ज्वारीचे काय, हा प्रश्न आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या तालुक्यात पहिल्यांदा येतो. ती खर्चात धरतात. मात्र तिला दुकानातला भाव लावीत नाहीत, शेतावरचा भाव लावतात. खत, बियाणे, औषधफवारणी हा घरखर्च नव्हे, तो व्यवसायाचा खर्च. शिधावाटप दुकानातून मोफत मिळणारे धान्य प्रमाणाने नोंदतात आणि निष्कर्ष दोन प्रकारे काढतात. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता. मोफत मिळालेल्या काही वस्तूंची किंमत त्यात धरली की तो ३,८६० होतो.

याहून गमतीची गोष्ट जेवणाची. शिजवलेले अन्न ज्या चुलीवर शिजले त्या घराच्या खर्चात जाते, मग ते कोणीही खावो. लग्नात पाचशे पाने उठली तर ती यजमानाच्या नावावर. सालगडी आपल्या खोपटात वेगळा राहत असेल आणि दुपारचे जेवण मालकाकडे घेत असेल, तर त्याच्या पोटात गेलेली भाकरी मालकाच्या घरी मोजली जाते. मालक आहे त्याहून थोडा अधिक खाणारा दिसतो, आणि गडी आहे त्याहून थोडा अधिक उपाशी. हे खात्यास ठाऊक आहे. म्हणून कोणी बाहेर किती वेळा जेवले हे वेगळे विचारून घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७१ मध्ये गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. माणसास दिवसाला २,२५० उष्मांक मिळावेत एवढी अपेक्षा धरून, नमुना पाहणीतील खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब केला. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान पातळी त्यांनी मानली. खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक त्या पातळीखाली निघाले. हा आकडा नव्या यंत्रातून निघाला नाही. शेकडो अन्वेषकांनी हजारो ओट्यांवर बसून, तेल किती आणले आणि मीठ किती आणले, असे विचारून तो जमविला होता. दारिद्र्यरेषेच्या पुढच्या सर्व चर्चा, प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीच्या २००९ च्या अहवालापर्यंत, याच उत्तरांवर उभ्या राहिल्या.

पाहणी चुकली किंवा रखडली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन प्रसिद्ध करण्यात आले नाहीत. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३, अशी अकरा वर्षांची पोकळी राहिली. मधल्या काळात मोबाईल खेड्यात गेला, पण महागाई मोजताना वस्तूंना द्यावयाचे वजन जुन्याच टोपलीचे राहिले.

मिळकत विचारू नये, असे का म्हणतात

खर्चाऐवजी उत्पन्नच का विचारीत नाहीत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. विचारून पाहिले आहे. १९६० च्या दशकात नमुना पाहणीने उत्पन्नाचे प्रयोग केले. लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च-बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले. लबाडी हे त्याचे एक कारण असेलही. पण सर्व दोष लबाडीवर टाकणे अन्यायाचे होईल. आपल्यापैकी ऊस उत्पादकांनी क्षणभर विचार करावा की, गेल्या महिन्याचे आपले उत्पन्न किती? ऊस अठरा महिन्यांचा, पहिली उचल एकदा, पुढचा हप्ता केव्हातरी, त्यातून सोसायटीची कपात. कांदा चाळीत आहे, त्याचा भाव पावसाळ्यानंतर कळणार. लिंबू उन्हाळ्यात सोने आणि पावसाळ्यात तोडणीही परवडत नाही. दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात आणि पशुखाद्यात वळते होतात. नोकरदारास पगाराचे पत्रक असते. शेतकऱ्यास खरोखरच उत्तर ठाऊक नसते.

म्हणून शेतकरी कुटुंबांसाठी वेगळी, हंगामवार पाहणी करतात. २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत कृषी वर्ष २०१८-१९ साठी देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आले. त्याची फोड पाहण्याजोगी आहे. मजुरी व पगार ४,०६३ रुपये, पिकांपासून निव्वळ ३,७९८, जनावरांपासून १,५८२, बिगरशेती व्यवसायातून ६४१ आणि जमीन खंडाने देऊन १३४. शेतकरी म्हणविणाऱ्या घरात पिकापेक्षा मजुरी अधिक! मी प्रथम वाचले तेव्हा मुद्रणदोष असावा असे वाटले. नंतर रांजणगावला जाणाऱ्या त्या मुलाची आठवण झाली. घरमालकांनी स्वतःचा व्यवसाय 'शेती' सांगितला होता, आणि तो खोटा नव्हता. पण घर चालत होते ते मुलाच्या पगारावर आणि बाईंच्या गायींवर.

सर्व प्रकारच्या कुटुंबांच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्या पूर्वचाचणीत बहुसंख्य लोकांना हे प्रश्न नाजूक वाटले, यात नवल नाही. लोकांच्या मनात काय असते हे आपण सर्व जाणतो. शिधापत्रिकेचा रंग बदलेल, एखाद्या योजनेतून नाव जाईल, कर लागेल. सांख्यिकी माहिती संकलनाचा २००८ चा कायदा आहे; त्यानुसार दिलेली माहिती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरावयाची आहे, आणि एका घराचे उत्तर नावानिशी बाहेर जात नाही. हे मी माहिती अधिकारी म्हणून सांगतो. पण कायदा सांगितल्याने भीती जात नाही, हेही मी ओट्यावर बसून पाहिले आहे. ज्या गावात ग्रामपंचायत अधिकारी किंवा शाळेतील गुरुजी आधी चार शब्द बोलून ठेवतात, तेथे दार लवकर उघडते.

काम म्हणजे काय

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बेरोजगार किती, हा प्रश्न साधा वाटतो. १९७० मध्ये प्रा. दांतवाला यांच्या समितीने आपला अहवाल दिला आणि सांगितले की, आपल्यासारख्या देशात त्यास एकच एक उत्तर देणे फसवे आहे. त्या विचारातून माणसाची स्थिती वर्षाच्या, आठवड्याच्या आणि दिवसाच्या मापाने स्वतंत्रपणे मोजण्याची रीत निघाली. रोजगाराची तशी पहिली मोठी पाहणी ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाली. ते वर्ष कोणते, हे या जिल्ह्यात सांगावयास नको.

माझी आई त्या दुष्काळात सतरा वर्षांची होती आणि खडी फोडावयास जात असे. ती सांगते त्यावरून मी हिशेब मांडून पाहिला. समजा, त्या वर्षी अन्वेषक आमच्या घरी आला असता. वर्षाचे विचारले तर घरचे म्हणाले असते, "पोर घरकाम करते, दुष्काळ म्हणून कामावर जाते." मुख्य काम घरकाम, जोडकाम मजुरी. आठवड्याचे विचारले तर, सात दिवसांत एक तास जरी काम केले तरी माणूस कामावर धरतात, म्हणून ती रोजगारी. दिवसाचे विचारले तर चित्र वेगळे. चार दिवस खडी फोडली, दोन दिवस हजेरीपट बंद होता म्हणून परत आली, एक दिवस बाजार. म्हणजे कामाला तयार असलेल्या सहा दिवसांपैकी दोन दिवस ती बेकार. तीच मुलगी, तोच आठवडा, आणि तीन मापांनी तीन उत्तरे. तिन्ही खरी आहेत. मात्र रोजगार हमीची गरज किती, हे कळते ते तिसऱ्या मापाने. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस आपल्या राज्याने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले, ते अशा दिवसांचा हिशेब मान्य करूनच.

आणि स्त्रीचे काम? येथे नियम बारीक आहे, तो आपण सर्वांनी समजून घ्यावा असे मला वाटते. घरच्या शेतात ज्वारी पिकविणे हे काम, मग ती ज्वारी विकली नाही तरी. ती दळून भाकरी करणे हे गणनेत काम नाही. गायीची धार काढणे हे काम. त्या दुधाचे घरच्यापुरते दही लावणे हे काम नाही. सरपण गोळा करणे, पाणी आणणे हेही नाही. रेषा कोठेतरी ओढावी लागते हे खरे, पण बाईच्या दिवसात ती रेषा दिसत नाही. ती पहाटे धार काढते आणि त्याच हातांनी चूल पेटवते. विचारणाऱ्याने "काम करता का?" एवढेच विचारले तर उत्तर "नाही" असेच येते, आणि ते बहुधा पुरुष देतो.

देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के स्त्रिया श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ४१.७ टक्के झाले. सहा वर्षांत एवढी वाढ! त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया स्वयंरोजगारात आहेत, आणि पुष्कळ जणी घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या. किती स्त्रिया खरोखर नव्याने कामाला लागल्या आणि किती जणींचे आधीपासूनचे काम आता नीट विचारल्यामुळे दिसू लागले, यावर जाणकारांत एकमत नाही. मी वृत्तात हा आकडा आनंदाने छापला होता. आता छापताना पडवीतील तो लिंबांचा ढीग डोळ्यांसमोर येतो. त्या बाई कालही राबत होत्या. बदलली ती यंत्रावरची खूण.

जानेवारी २०२५ पासून श्रमशक्तीची पाहणी दरमहा निष्कर्ष देईल अशी आखण्यात आली, आणि निवडलेल्या घरी अन्वेषक लागोपाठ चार महिने जातो. म्हणजे आपल्या वस्त्यांवर ही मंडळी पूर्वीपेक्षा अधिक दिसतील. त्यांच्याजवळ ओळखपत्र असते, ते मागावे. बँकेचा क्रमांक किंवा मोबाईलवर आलेला सांकेतिक आकडा या पाहणीस लागत नाही. तो कोणी मागितला तर दार बंद करावे आणि तलाठी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. एरवी अन्वेषकास बसावयास सतरंजी घालावी, आणि घरातील बाईला शेजारी बसवावे. खर्चाची वही तिच्याजवळ असते आणि कामाचा हिशेबही.

मला दिलेला वेळ संपला आहे. आता प्रश्न घेतो. पहिला प्रश्न मागच्या रांगेत बसलेल्या भगिनींपैकी कोणी विचारावा. पुढच्या रांगेतील मंडळींनी कृपया थोडे थांबावे.